खडूच्या खुणा

आमचं घर विकलं जात नव्हतं ते माझ्या आईमुळे, असं दलालाने मला आमच्याच ओसरीवर बसून, आमचाच चहा पीत सांगितलं. आवाज हळू ठेवला होता त्याने, एवढी माणुसकी होती. पण आईचे डोळे गेले होते, कान नव्हेत. ती आत माजघरात वाती वळत बसली होती आणि तिने शब्द न् शब्द ऐकला. तो गेल्यावर एवढंच म्हणाली, की त्याच्या चहात साखर कमी घालत जा, नाहीतर रोज येऊन बसेल.

ही ऐंशीनंतरची गोष्ट. रंगीत टीव्ही गावात नुकते कुठेकुठे दिसायला लागले होते. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, वय चाळिशीच्या पुढे, लग्न केलेलं नव्हतं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघी. रत्नागिरीत मांडवीच्या वरच्या अंगाला चढावर आमचं कौलारू घर होतं, मागे नारळाची दहा-बारा झाडं, विहीर आणि न्हाणी. माझी बदली चिपळूणला झाली आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर तिकडे हजर व्हायचा हुकूम आला. आईला एकटीला इथे ठेवणं शक्य नव्हतं. दर वर्षी कौलं परतायची, खाऱ्या वाऱ्याने कुजलेले वासे बदलायचे, हे चिपळूणला बसून मला झेपणारं नव्हतं. घर विकायचं ठरलं ते असं.

आईचे डोळे काचबिंदूने गेले त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. पण त्या घरात ती आंधळी नव्हती, हे मला नीट सांगितलं पाहिजे. पहाटे पाचला उठायची, माझ्या आधी. खाटेवरून उतरून भिंतीला हात लावत मागच्या दारापर्यंत, उंबरा ओलांडून मागच्या पडवीत. तिथे दाराच्या उजवीकडे भिंतीला लागून एक मोठा लाकडी पेटारा होता, तिच्या लग्नात आलेला. त्याच्या कडेवरून हात फिरवत जायचं, पेटारा संपला की वळायचं आणि तीन पावलं सरळ. तिसऱ्या पावलाला पडवीचा खांब हाताला लागायचा. खांबाला मी काथ्याची जाड दोरी बांधली होती, ती पायऱ्या उतरून थेट न्हाणीपर्यंत आणि पुढे विहिरीपर्यंत ताणलेली. दोरीवर दोन बोटं ठेवून ती जायची, स्वतःचं पाणी स्वतः काढायची, अंघोळ करून, जास्वंदीची फुलं चाचपून काढून परत यायची. एकदा एका शेजारणीने तिचा दंड धरला तर आईने तो असा झटकला की ती बाई महिनाभर आमच्याकडे फिरकली नाही.

घर विकायला आई हो म्हणाली, पण एक अट घातली. ती म्हणाली, "चिपळुणास गेल्यावर मला धरून न्यावं लागेल, ते मला ठाऊक आहे गो. पण या घरात आहे तोवर मला कुणी धरायचं नाही. तू सुद्धा नाही." मी हो म्हटलं. अट सोपी वाटली मला.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते मुंबईचं होतं. त्या माणसाची बायको मागच्या पडवीत आली, दोरी बघितली, दोरीवरून येणारी आई बघितली आणि नवऱ्याच्या कानाला लागली. दुसऱ्या गिऱ्हाइकाने तर सरळ विचारलं, की या घरात काही बाधा आहे का, यांचे डोळे इथेच गेले ना? माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! म्हटलं, हो, इथेच गेले, आणि इथेच माझी अक्कल गेली तुम्हाला बोलावलं तेव्हा. ते काही परत आले नाहीत. मग दलाल येऊन बसला तो वर सांगितलाच. त्याने एक उपाय सुचवला. गावात एक माणूस होता, नाटकांचं नेपथ्य करायचा, गणपतीत मखरं करायचा. दलाल हल्ली त्याच्याकडून विकायची घरं लावून घेत असे. गिऱ्हाईक बघायला यायच्या आधी तो येऊन घर असं मांडून द्यायचा की बघणाऱ्याचा पाय तिथून निघू नये.

मी कपाळाला हात लावला. घर म्हणजे काय नाटक आहे? पण सुट्टी जवळ येत होती आणि माझ्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. ये म्हटलं बाबा.

गणपती विसर्जन झाल्यावर तो मोकळा झाला आणि आला. काटकुळा माणूस, पन्नाशीचा, कानावर पेन्सिल, नखांत रंग. बोलणं इतकं हळू की मला शाळेतल्यासारखं 'मोठ्याने' म्हणावंसं वाटायचं. त्याने आधी घरात पाऊलच टाकलं नाही. अंगणात उभा राहिला, मग दारात, मग ओसरीवर माझ्या खुर्चीत. बघणारा कुठून बघणार तिथून घर बघायचं, म्हणाला. तासभर नुसता बघत होता. मी आत भांडी आपटत होते, की बाबा, करायचं ते कर आणि जा.

मग तो आत आला आणि आईजवळ खाली बसला. दलाल जे माझ्याशी कुजबुजत बोलला होता ते हा तिच्याशी नीट बोलला. म्हणाला, "आई, तुमच्या हाताखालच्या वस्तू मला दोन दिवस हलवाव्या लागतील. पण जिथल्या तिथे परत ठेवीन. एक बोटभर इकडेतिकडे होणार नाही." आईने विचारलं, कसं करशील? तेव्हा त्याने सांगितलं, की नाटकात दोन प्रवेशांच्या मध्ये अंधार होतो आणि अंधारात टेबल-खुर्च्या हलवाव्या लागतात. त्यासाठी रंगमंचावर आधीच खडूने खुणा करून ठेवतात. त्याने माझ्याकडे खडू मागितला. शाळेच्या पिशवीत होतेच, मी एक काढून दिला. पेटाऱ्याच्या चारी कोपऱ्यांशी त्याने जमिनीवर काटकोन काढले, आणि आईचं बोट धरून प्रत्येक काटकोनावरून फिरवलं. बोटाला लागलेली भुकटी आईने अंगठ्याशी चोळून बघितली. "काळोखात काम करणारा माणूस आहेस तर," म्हणाली, "मग हलव." त्या माणसाने तिचं बोट धरलं ते तिने धरू दिलं, हे मी बघितलं आणि खरं सांगते, मला ते बोचलं.

पेटारा आम्ही दोघांनी उचलून कोठीत नेला. त्याला पुढच्या दारातून मागच्या दारापर्यंत आरपार उजेड हवा होता, दारात उभं राहिलं की थेट नारळ दिसले पाहिजेत. दोरी सोडून गुंडाळून ठेवली. अडगळ माळ्यावर गेली. खिडकीतला पोचे पडलेला पाण्याचा हंडा त्याने चिंचेने घासून ओसरीवर आणला. वडिलांच्या तसबिरीचा हार काढला, कारण हार असला की घरात कोणी गेलंय हे पहिल्यांदा दिसतं. दोन दिवस आईला मी खोलीतच पाणी देत होते, पलीकडे कोपऱ्यात बादली ठेवली होती. ती दोन दिवस, दोन दिवस असं मोजत बसली होती.

मी म्हटलं, गिऱ्हाईक येईल तेव्हा आईला शेजारी पाठवते. तो नको म्हणाला. आईंना ओसरीवर बसवा, चांगलं लुगडं नेसवून, वाती वळायला द्या. म्हणाला, "बसलेल्या माणसाचं आंधळेपण दिसत नाही, बाई." हे ऐकून मला त्याचा राग आला आणि पटलंही. आई मात्र हसली. तुझ्या नाटकात मला पण काम मिळालं म्हणाली, आणि कोणतं लुगडं नेसू ते त्यालाच विचारलं.

आता मी जे केलं ते सांगते. गिऱ्हाईक यायच्या दिवशी मी सकाळी लवकर उठले आणि शेणाची पाटी घेऊन माजघर आणि मागची पडवी सारवून काढली. घरात कोण यायचं असलं की सारवायचं, हे मी परकर नेसत होते तेव्हापासून करत आले होते. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. बोटांच्या रेषा सारख्या, अर्धगोल, एकाला एक लागून. मला माझ्या सारवणाचा अभिमान होता. आई खाटेवरून म्हणाली, "सारवलंस वाटतं? वास आला." मी म्हटलं, मग काय लोकांना पोपडे दाखवू? तिथे खडूच्या खुणा होत्या हे मला आठवलं नाही. हात त्यांच्यावरून गेला असणार चार वेळा, आठवलं नाही.

गिऱ्हाईक आखाती देशातून परत आलेला माणूस होता, जवळच्याच खाडीकाठच्या गावचा. सभ्य, अदबीने बोलणारा. आईला लांबून सलाम केला. आईने आवाजाच्या दिशेने मान हलवली, हात वातीवर चालूच. त्याला काही कळलं नाही. नेपथ्यवाला ओसरीच्या खांबाआड उभा होता, पडद्यामागे उभा राहतो तसा. तो गृहस्थ पुढच्या दारातून शिरला, मागच्या दारातून बाहेर पडला. हंडा बघितला नाही, आरपार उजेड बघितला नाही. विहिरीवर जाऊन पाणी शेंदलं, ओंजळभर प्यायला, मचूळ नाही म्हणाला. पावलांनी जागेची लांबी मोजली. नारळ मोजले. आणि हात पुसत म्हणाला की मला पसंत आहे, घर तर काय पाडायचंच आहे, मला इथे स्लॅबचं बांधायचंय.

तो गेल्यावर मला हसावं की रडावं कळेना. दोन दिवस आम्ही ज्या घराचा शृंगार केला ते त्याने बघितलंच नव्हतं. तसंच ठेवलं असतं तरी चाललं असतं, दोरीसकट. माझा सगळा राग त्या काटकुळ्या माणसावर निघाला. एरवी राग गिळायची मला सवय नाही आणि त्या दिवशी तर मी गिळायला तयारही नव्हते. म्हटलं, आवरा तुमचं नाटक आता, ठेवा सगळं जागेवर.

पेटारा उचलून पडवीत आणला तेव्हा तो थांबला. खाली वाकून जमीन बघितली. "बाई, खुणा?" एवढंच म्हणाला. मला तेव्हा कळलं. पण चूक कळणं आणि कबूल करणं यात माझ्यासारख्या बाईला फार वेळ लागतो. मी म्हटलं, अहो, जन्म गेला माझा या घरात, मला ठाऊक नाही का पेटारा कुठे होता ते? इथेच. ठेवा. तो म्हणाला, आईंना एकदा विचारू या, त्या हात लावून सांगतील. आई दमून जरा आडवी झाली होती. मी म्हटलं, तिला उठवायची काही गरज नाही, तुमची दोरी बांधा आणि निघा. त्याने पेटारा मी दाखवला तिथे ठेवला. दोरी खांबाला बांधली, दोनदा ओढून बघितली. जाताना पुन्हा एकदा पेटाऱ्याकडे बघून गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला आईच्या उठण्याची चाहूल लागली. भिंतीवरचा हात, उंबरा, पेटाऱ्याच्या कडेवरून घसरत जाणारी बांगडी. दोन दिवस कोंडून राहिलेली बाई, पावलांत घाई होती. मला बरं वाटलं, की चला, झालं सगळं पूर्ववत. मग एक धपकन आवाज आला आणि त्यानंतर काहीच नाही.

पडवीच्या त्या बाजूला जमीन उतरती होती आणि जोतं कमरेइतकं उंच. खाली जांभ्याचे चिरे रचलेले. आई त्या चिऱ्यांवर पडली होती, एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. मी वर बघितलं. पेटारा एक-दीड वीत पुढे होता. तेवढंच. ती त्याच्या कोपऱ्याशी वळली, तीन पावलं चालली आणि खांबाच्या बाजूने थेट बाहेर पडली. दोरी तिच्या हातापासून हातभर लांब होती. मी उडी मारून खाली गेले आणि तिथेच थांबले, कारण तिला धरायचं नाही ही अट माझ्या डोक्यात होती. अशा वेळी सुद्धा. तिने चेहरा माझ्याकडे केला आणि हात पुढे केला. "धर आता," म्हणाली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. त्या वयात ते पुन्हा जुळेल याची डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नाही. इस्पितळात तिसऱ्या दिवशी नेपथ्यवाला आला. हातात दोन शहाळी. शेजारच्या बायका खाटेभोवती होत्या, त्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता, की पेटारा हलवला कुणी आणि चुकीचा ठेवला कुणी. माझ्या तोंडून निघून गेलं, की यांनी ठेवला. खोटं नव्हतं. ठेवला त्यानेच होता. त्याने माझ्याकडे बघितलं, जेमतेम क्षणभर. मग आईच्या पायाशी वाकला आणि म्हणाला, "चुकलं माझं, आई. खुणा मी नीट केल्या नाहीत." बायकांनी त्याला काय काय सुनावलं! मेल्या, आंधळीचा जीव घेतला असतास, इथवर गेल्या. मी खाटेच्या कडेला उभी राहून चादर सारखी करत होते. आई डोळे मिटून पडली होती, मला वाटलं झोपली आहे. पुढे कानावर आलं की त्याने घरं लावायचं काम सोडलं. सोडलं कसलं, त्याला कोण बोलावणार होतं?

घर विकलं गेलं. आईला मी चिपळूणला नेलं, धरूनच. दोन खोल्या, खाली फरशी, सारवण्याचा प्रश्न नाही. खाटेपासून मोरीपर्यंत मी तीच काथ्याची दोरी बांधून ठेवली होती, ती एकदाही तिच्या हाताला लागली नाही. ती उठलीच नाही. दिवसा एक बाई तिच्यापाशी बसायची, शाळा सुटली की मी. जिने नऊ वर्षं स्वतःचं पाणी स्वतः शेंदलं तिला मी चमच्याने पाणी पाजत होते. ती तक्रार करायची नाही. तक्रार केली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

पुढच्या श्रावणात एका संध्याकाळी मी तिची वेणी घालत होते, तेव्हा ती अगदी साध्या आवाजात बोलली. "सारवलंस तू. मला वास आला होता. त्या बिचाऱ्याने खुणा केल्या होत्या, मी बोटाने बघितल्या होत्या. त्याला का बोलू दिलंस गो?" माझे हात थांबले. नऊ-दहा महिने ही बाई हे पोटात ठेवून होती. मी काहीतरी बोलायला गेले तर तिने मान हलवली. मला नको सांगू, म्हणाली, मला ठाऊकच आहे. त्याला जाऊन सांग.

रत्नागिरी काही परदेशात नव्हती. एस्टी होती, तीन तास. रविवारी जाऊन संध्याकाळी परत येता आलं असतं. दर रविवारी मी ठरवायची आणि दर रविवारी काहीतरी निघायचं. पेपर तपासायचे आहेत, पाऊस फार आहे, दिवसाची बाई येणार नाही. खरं कारण एकच होतं, मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी लोकांना ओरडते, स्वतःहून जाऊन पाया पडत नाही. आई सोमवारी विचारायची, गेलीस का गो? मी म्हणायची, पुढच्या आठवड्यात. हळूहळू तिचा आवाज बारीक होत गेला, पण विचारणं थांबलं नाही.

दसऱ्याच्या आसपास ती खाईनाशी झाली. डॉक्टरने मला बाहेर बोलावून काय ते सांगितलं. त्या रविवारी मी घरातून निघाले, चिपळूणच्या स्टँडवर गेले, रत्नागिरीची गाडी लागलेली बघितली आणि बाकावर बसून राहिले. ती गेली, तिच्यामागून दुसरी गेली. दुपार उलटल्यावर परत आले. आईच्या खाटेवर बसले आणि म्हटलं, "आई, गेले होते. भेटले त्याला. सांगितलं सगळं."

तिने हात लांब करून माझा पदर चाचपला. मांडवीचा खारा वारा कपड्याला लागला की त्याचा वास दिवसभर जात नाही, हे तिनेच मला लहानपणी शिकवलं होतं. पदर तिने नाकाशी नेला, थोडा वेळ तसाच धरला आणि सोडून दिला. मग तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर तिने मला ते पुन्हा विचारलं नाही.